न्यू जर्सीत नवीन आलात? डेलीतलं चांगलं सँडविच असं शोधा

सकाळी साडेसातला स्टेशनाकडे निघालात की कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून माणसं पांढऱ्या कागदाचं गरम पुडकं हातात घेऊन बाहेर पडताना दिसतील. ते दुकान म्हणजे डेली. आपल्याकडून नव्याने आलेली मंडळी त्यावरून रोज जातात, पण आत शिरत नाहीत. फळ्यावर बारीक अक्षरांत पन्नास नावं, काउंटरमागे घाईतला माणूस, आपल्या मागे रांग, आणि कशात बीफ, कशात पोर्क याचा पत्ता नाही. मग पावलं आपोआप सबवेसारख्या सँडविच-चेनच्या दुकानाकडे वळतात. तिथे चित्रं असतात, काचेतून बोट दाखवलं की काम होतं. एडिसनला आल्यावर पहिले आठ महिने मीही तेच केलं आणि सँडविच म्हणजे एवढंच असतं असं धरून चालले. ते चुकीचं होतं. तुमचे आठ महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

डेली किती प्रकारची

डेलिकटेसन हा शब्द एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांबरोबर न्यूयॉर्कला आला. पुढे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी तो आपलासा केला आणि इटालियन लोकांनी आपापल्या वस्तीत आपली दुकानं काढली. आज न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत डेली म्हटलं की तीन वेगळी दुकानं डोळ्यांपुढे यायला हवीत.

ज्यू डेलीत पास्ट्रामी, कॉर्न्ड बीफ (दोन्ही मिठाच्या पाण्यात मुरवलेलं बीफ) आणि राय धान्याचा पाव, म्हणजे राय ब्रेड. मॅनहॅटनमधलं कॅट्झ १८८८ पासून चालू आहे. इटालियन डेलीत लांब पावाचं सँडविच, दुकानातच केलेलं ताजं मॉझरेला चीज, व्हिनेगरमधल्या मिरच्या. होबोकेनचं फिओरेज हे १९१३ सालचं दुकान यातलं. तिसरी कोपऱ्यावरची साधी डेली, न्यूयॉर्कात जिला बोडेगा म्हणतात. इथे दूध, साबण, लॉटरीचं तिकीट आणि एका बाजूला तवा. न्यूयॉर्कमधल्या अशा खूप दुकानांचे मालक येमेनी आहेत. येमेनसह काही देशांच्या लोकांना अमेरिकेत यायला बंदी करणाऱ्या २०१७ च्या प्रवासबंदीविरुद्ध २ फेब्रुवारीला हजाराहून जास्त बोडेगा दुपारी बारा ते रात्री आठ बंद राहिल्या, तेव्हा आपलं रोजचं खाणं कोणाच्या हातचं आहे हे पुष्कळांना प्रथमच कळलं. आपल्या न्यू जर्सीच्या बाजूला काउंटरमागून गुजरातीतही उत्तर येऊ शकतं.

कुठल्या दुकानात काय मागायचं हे यावरून ठरतं. बोडेगात पास्ट्रामी मागू नका आणि ज्यू डेलीत इटालियन सब मागू नका. नवीन माणसाची निम्मी निराशा इथेच होते.

नावांचा घोळही आताच निस्तरू. लांब पावाच्या सँडविचला उत्तर जर्सीत सब म्हणतात, न्यूयॉर्कात हीरो, फिलाडेल्फियाच्या बाजूला होगी. वस्तू जवळपास एकच. ट्रेंटनच्या जॉन टेलरने १८५६ मध्ये काढलेला डुकराच्या मांसाचा एक प्रकार आहे. उत्तर जर्सीत तो टेलर हॅम आणि दक्षिणेत पोर्क रोल. नावं दोन, माल तोच, हे पोर्क टाळणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं.

आत जाण्याआधी बाहेरून बघा

सकाळी सात ते साडेआठ किंवा दुपारी बाराच्या सुमाराला दुकानासमोर कोणाच्या गाड्या आहेत ते बघा. रंगारी, प्लंबर, वीज कंपनीचे कामगार, पोलीस यांच्या गाड्या असतील तर दुकान चांगलं समजायला हरकत नाही. ही माणसं रोज बाहेर खातात, त्यांच्याकडे अर्धा तास असतो आणि मनगटाने काम करायचं असतं. शिळा पाव त्यांना दोनदा विकता येत नाही. इंटरनेटवरच्या ताऱ्यांपेक्षा मी या गाड्यांवर जास्त विश्वास ठेवते.

न्यू जर्सीत खाण्याच्या दुकानाला तपासणीचा शेरा दर्शनी भागात लावावा लागतो. ‘सॅटिसफॅक्टरी’ असेल तर ठीक, त्याआधी ‘कंडिशनली’ असेल तर काही दुरुस्त्या बाकी आहेत. न्यूयॉर्क शहरात उपाहारगृहांवर २०१० पासून ए, बी, सी अशी अक्षरं असतात. पण किराणा-डेली प्रकारची बरीच दुकानं राज्याच्या कृषी खात्याच्या तपासणीत येतात, त्यामुळे तिथे अक्षर दिसलं नाही तर लगेच दचकू नका.

आत गेल्यावर नजर दोन जागी टाका. एक, फ्रिजमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली तयार सँडविचेस किती आहेत. जितकी जास्त, तितकी शंका जास्त. दुसरी जागा म्हणजे पावाची टोपली.

पाव, पाव आणि पाव

सगळ्यात जास्त वेळ मला पावावर द्यायचा आहे, कारण चांगलं आणि बरं यातला फरक तिथेच असतो. आतल्या चकत्या अनेक डेल्या त्याच दोनचार मोठ्या कंपन्यांकडून घेतात. बोअर्स हेडची पाटी तुम्हाला दर चौथ्या खिडकीत दिसेल, ती कंपनी १९०५ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झाली. म्हणजे टर्कीची चकती इकडे आणि तिकडे तीच. पाव मात्र प्रत्येकाचा वेगळा.

चांगल्या डेलीचा पाव पहाटे जवळच्या बेकरीतून कागदी पिशव्यांत येतो आणि दुपारी दोनपर्यंत संपतो. ‘ब्रेड कुठल्या बेकरीचा?’ असं सरळ विचारा. ज्याला अभिमान आहे तो हातातलं काम न थांबवता नाव सांगतो. जो खांदे उडवतो त्याच्याकडे कॉफी घ्या आणि निघा.

ताजा हार्ड रोल, म्हणजे वरून चांदणीसारखी घडी असलेला गोल पाव, दाबला की वरचं कवच बारीक आवाज करून तडकतं आणि आतला भाग परत वर येतो. मुंबईत पहाटेच्या भट्टीचा कडक पाव ज्यांनी खाल्ला आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. इटालियन लांब पावाला दोन्ही टोकं असावीत, वर तीळ असतील तर उत्तम. ज्यू डेलीचा राय ब्रेड वेगळाच, त्यात कॅरवेचे दाणे असतात. कॅरवे म्हणजे आपलं शहाजिरं. पहिला घास घेतल्यावर मसालेभात आठवला तर दचकू नका.

चेनचा पाव कुठे कमी पडतो? सबवेत गोठवलेला कणकेचा गोळा दुकानात येतो आणि तिथे भाजला जातो, म्हणून वास छान सुटतो. पण तो मऊ असतो आणि गोड असतो. २०२० मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने कराच्या एका खटल्यात निकाल दिला की सबवेच्या पावात साखर पिठाच्या १० टक्के आहे, तिथल्या कायद्याची मर्यादा २ टक्के, म्हणून करसवलतीसाठी त्याला पाव म्हणता येणार नाही. आपल्या जिभेला ते फार आधी कळलेलं असतं, फक्त कशामुळे ते कळत नाही.

पावानंतर चकती. चीज आणि मांस तुमच्यासमोर यंत्रावर कापलं जात असेल तर चव टिकते, कारण सकाळी कापून ठेवलेली चकती कडेने सुकते. पातळ हवी असेल तर ‘थिन’ म्हणा. पातळ चकत्या दुमडून भरल्या की मध्ये हवा राहते आणि घास हलका लागतो, जाड एकावर एक रचल्या की चामड्यासारख्या ओढाव्या लागतात. चेनपैकी जर्सी माइक्स हे ऑर्डरनुसार कापतात, आणि ते स्वतःच १९५६ साली पॉइंट प्लेझंट या समुद्रकाठच्या गावातलं एक स्थानिक दुकान होतं. सबवेनेही २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत स्लायसर आणले. चेनमध्ये जायचंच असेल तर मी जर्सी माइक्सला जाईन.

बोलायचं कसं

दादरला किंवा फोर्टात सँडविचवाल्यासमोर उभं राहून ‘बटर कमी, चटणी जास्त, कांदा नको’ असं सांगितलेल्या माणसाला डेलीत ऑर्डर देणं जड जाऊ नये. कौशल्य तेच आहे, फक्त क्रम वेगळा. आधी मुख्य वस्तू, लगेच पाव, मग चीज, मग भाज्या, शेवटी सॉस. ‘टर्की ऑन अ हार्ड रोल, प्रोव्होलोन, लेट्यूस, टोमॅटो, मस्टर्ड.’ एका दमात. मध्ये ‘अं…’ करत थांबलात तर काउंटरवाला पुढच्याकडे वळेल. त्यात अपमान नाही, त्याच्यासमोर आठ माणसं आहेत. ठरलं नसेल तर बाजूला उभं राहून आधीच्या तिघांच्या ऑर्डरी ऐका. मी सगळी नावं अशीच शिकले.

पहिल्या भेटीत सकाळचं अंडं-चीज मागा: ‘एग अँड चीज ऑन अ रोल.’ लगेच एका श्वासात प्रश्न येईल, ‘सॉल्टपेपरकेचप?’ हे तीन शब्द आहेत. हो किंवा नाही म्हणायचं.

मग तव्याकडे बघा. माझ्या नेहमीच्या दुकानातला माणूस एका हाताने दोन अंडी फोडतो, उलथन्याच्या कोपऱ्याने पिवळं मोडतो, रोल उघडून तव्याच्या कडेला पालथा टाकतो. अंडं घट्ट व्हायच्या आत वर चीजची चकती. मग चारही कडा आत दुमडून चौकोनी घडी, अगदी पुरणपोळीची करतो तशी, म्हणजे चीज आत अडकतं. रोलमध्ये सरकवलं, कागदात गुंडाळलं, सुरी एकदाच आरपार. तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि आता महत्त्वाचं: पुडकं लगेच उघडू नका. पाचएक मिनिटं कागदातच राहू द्या. वाफेने रोल आतून मऊ होतो, चीज पावात मुरतं. स्टेशनपर्यंत चालत जाण्याचा वेळ बरोबर पुरतो.

दुसऱ्या भेटीत दुपारचं थंड सँडविच, साधंच. तिसऱ्या भेटीत विचारा, ‘आज काय चांगलं आहे?’ पहिल्याच दिवशी हे विचारलंत तर काहीतरी उत्तर मिळेल, तिसऱ्या दिवशी खरं मिळेल.

शाकाहारी असाल, किंवा बीफ-पोर्क खात नसाल

इथे सावकाश वाचा. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला मोठ्या उत्साहाने एका डेलीतलं अंडं-चीज आणून दिलं. आई अंडं खाते, मांस खात नाही. तिने पुडकं उघडलं, वास घेतला आणि काही न बोलता परत गुंडाळून ठेवलं. त्याच तव्यावर आधी बेकन, म्हणजे डुकराचं मांस, तळलेलं होतं. चूक माझी, मी विचारलंच नव्हतं. तिने मला दोष दिला नाही, पण तो चेहरा अजून आठवतो.

तेव्हापासून मी आधी सांगते: ‘हे मांस न खाणाऱ्या माणसासाठी आहे, वेगळ्या पॅनमध्ये करता येईल का?’ बऱ्याच ठिकाणी छोटा पॅन असतो, नसेल तर तव्याचा कोपरा खरवडून पुसून देतात. जिथे यातलं काही जमत नाही तिथे थंड सँडविच घ्या. हातमोजे आणि सुरी बदलायला सांगायला संकोचू नका. ॲलर्जीवाले रोज सांगतात, त्यांना सवय असते. ‘व्हेजिटेरियन’ हा एकच शब्द वापरून थांबू नका, ‘नो मीट, नो चिकन, नो फिश’ असं फोडून सांगा. चीज किंवा यंत्राबद्दलही काटेकोर असाल तर विचारा: काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं, आणि चकत्या कापायचं यंत्र बहुधा एकच असतं. मेयोनीजमध्ये अंडं असतंच.

शाकाहारी माणसाने सरळ इटालियन डेली गाठावी. ताजं मॉझरेला, भाजलेली लाल मिरची, तुळशीच्या जातीचं बेसिल, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर, तिळाच्या लांब पावात. किंवा तळलेल्या वांग्याच्या कापांचं. आपल्या वांग्याच्या कापांची आठवण येतेच. अंडं चालत असेल तर बटाटा आणि अंड्याचं सँडविच शोधा. ईस्टरआधीच्या लेंटमध्ये कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत, तेव्हा इटालियन डेल्यांमध्ये ते हमखास दिसतं. चेनमधल्या व्हेजी सबमध्ये नुसता कच्चा पाला भरलेला असतो, त्यापेक्षा हे कितीतरी पोटभरीचं.

कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, डेलीत मांस आणि दूध एकत्र करत नाहीत, तेव्हा मांसाच्या कोशर डेलीत चीज मागू नका. पण ‘कोशर डेअरी’ अशी पाटी असेल तर त्या स्वयंपाकघरात मांस किंवा चिकन शिरतच नाही, मासे आणि अंडी मात्र असू शकतात. कडक शाकाहारी आईवडील भेटीला येणार असतील तर ही पाटी हेरून ठेवा. कडक कोशर दुकानं शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत बंद असतात.

बीफ टाळणाऱ्यांसाठी: पास्ट्रामी म्हणजे बीफ, वेगळं लिहिलं नसेल तर. टर्की पास्ट्रामी वेगळी मिळते. कॉर्न्ड बीफच्या नावातच आहे, रूबेन सँडविचमध्ये तेच असतं. हॅम, प्रोशुटो, कापिकोला, सोप्रेसाता हे पोर्क. सलामी आणि बलोनी दोन्हींपैकी कशाचंही असू शकतं, विचारा. चिकन खाणाऱ्याने डोळे मिटून चिकन कटलेटचं हीरो मागावं, मॉझरेला आणि भाजलेल्या मिरच्यांसह. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं हे पातळ चिकन न्यू जर्सीचा अभिमान आहे, आणि असावा.

घरात कोणी गरोदर असेल तर मांसाच्या थंड चकत्या तशाच देऊ नका. लिस्टेरिया या जंतूच्या धोक्यामुळे त्या १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत, वाफ निघेल इतक्या गरम करून घ्यायच्या.

बीफ खाणाऱ्यांसाठी

एकदा कॅट्झला जाच. दारात तिकीट हातात देतात, ते हरवू नका, बाहेर पडताना त्यावरच हिशेब होतो आणि हरवलं तर दंड आहे. थेट कापणाऱ्याच्या रांगेत उभे राहा. तो बहुतेक वेळा एक तुकडा चाखायला देतो, तिथेच डॉलर-दोन डॉलर टिप ठेवा. पास्ट्रामी मिठाच्या पाण्यात मुरवून, मिरी-धने लावून, धुरावर शिजवून मग वाफवलेली असते. कॉर्न्ड बीफला धूर नसतो. राय आणि मस्टर्ड, बस्स. मेयोनीज मागू नका. सोबतची काकडी व्हिनेगरची नसते, मिठाच्या पाण्यात आंबवलेली असते. ‘हाफ सावर’ हिरवी आणि करकरीत, ‘फुल सावर’ जास्त मुरलेली, मिठाच्या पाण्यातल्या कैरीची आठवण करून देणारी.

एडिसनमध्येच राहत असाल तर हॅरल्ड्स आहे. तिथली सँडविचेस प्रचंड असतात, तीन-चार जणांत एक पुरतं, आणि लोणच्यांचा वेगळा टेबल मांडलेला असतो.

पैसे

न्यू जर्सीत तयार खाण्यावर ६.६२५ टक्के कर, न्यूयॉर्क शहरात ८.८७५. न्यूयॉर्कात अख्खा बेगल (मध्ये भोक असलेला गोल पाव) घरी नेला तर कर नाही, तोच कापून दिला तर कर लागतो. बऱ्याच डेल्यांत कार्डासाठी किमान रक्कम असते, म्हणून वीस डॉलर रोख खिशात ठेवा. घरपोच ॲपवर तेच सँडविच बहुधा महाग पडतं आणि पाव वाटेत ओला होतो. त्यापेक्षा दुकानात फोन करून सांगा आणि दहा मिनिटांनी जाऊन आणा.

चेन कधी बरी

टर्नपाइक या महामार्गावर गाडी चालवताना, रात्री अकराला, अनोळखी गावात, किंवा मुलाला ॲलर्जी असेल तेव्हा चेनमध्येच जा. तिथे ॲलर्जीचे तक्ते तयार असतात. वीस किंवा जास्त शाखा असलेल्यांना २०१८ पासून कॅलरी लिहिणंही बंधनकारक आहे, मधुमेह सांभाळणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. बोलायची भीती वाटत असेल तर पहिल्या आठवड्यात वावा या चेनच्या दुकानात जा. तिथे पडद्यावर बोट लावून पाव, चीज, भाजी एकेक निवडायचं असतं, कोणी घाई करत नाही. त्या पडद्यावर अर्ध्या तासात सगळी नावं पाठ होतात, मग डेलीत तोंड उघडायला धीर येतो.

शंका असेल तर पडताळा स्वतः घ्या. एका शनिवारी दोन स्थानिक दुकानांतून आणि एका चेनमधून एकसारखं सँडविच आणा, टर्की-प्रोव्होलोन किंवा मॉझरेला-टोमॅटो, सॉस न घालता. वीस मिनिटं कागदात ठेवा आणि मग उघडा. खालचा पाव टोमॅटोच्या पाण्याने बसलाय का बघा, आणि नुसता पाव तोडून खा. आमच्या घरी मुलांनी डोळ्यांना रुमाल बांधून हे केलं. धाकट्याने पहिल्याच घासाला चेनचं ओळखलं, ‘हा गोड आहे’ म्हणाला.

आणि होबोकेनला फिओरेजमध्ये गेलात तर मॉझरेला वेगळं बांधूनही घ्या. सकाळी लवकर गेलात तर ते कोमट मिळतं, कापलं की दूध सुटतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी खा.